बाराव्या मिनिटाला

१२ जानेवारी

चिरंजीव मुलीस आशीर्वाद.

पाकिटावरचे अक्षर पाहून तुला आश्चर्य वाटले असेल. ते रास्तच आहे. नऊ वर्षांत आपल्या दोघांत एक शब्दही झालेला नाही. तुझी आई फोनवर तुझ्याशी बोलते आणि त्यातले जेवढे मला सांगण्याजोगे तिला वाटते तेवढे सांगते. त्यावरून मला एवढे ठाऊक आहे की तुझे स्वतःचे गॅरेज आहे, हाताखाली दोन माणसे आहेत, आणि लोक लांबून गाड्या घेऊन तुझ्याकडे येतात. मागच्या गोष्टींविषयी या पत्रात काही नाही. विषय एकच आहे, तो तांत्रिक आहे, आणि माझ्या ओळखीच्या माणसांत त्या विषयात तुझ्याइतका अधिकार दुसऱ्या कोणाचा नाही.

मी एक वापरलेली मोटारसायकल विकत घेतली आहे. या वयात कशासाठी, हा प्रश्न तुझ्या आईने विचारून झाला आहे. ग्रंथालयात जाण्यासाठी, असे उत्तर मी दिले. "ग्रंथालय चालत पाच मिनिटांवर आहे," असे ती म्हणाली. त्या मुद्द्यावर मी अद्याप उत्तर दिलेले नाही.

आता वस्तुस्थिती सांगतो. गाडी मी एका शिंप्याकडून घेतली. सभ्य माणूस आहे. शिलाई मशीन चालवून गुडघे गेले, म्हणून दोन वर्षे ती नुसती उभी होती. पण तिच्यावर त्याने कोटाच्या कापडाची, कडेला गोट लावलेली खोळ शिवून घातली होती. "माझ्याकडे होती तेवढ्या वर्षांत एकदाही रस्त्यात बंद पडली नाही," असे तो म्हणाला, आणि तो खोटे बोलत होता असे मला वाटत नाही. असे असूनही माझ्याकडे ती, एक, उभ्या उभ्या खोकते, थरथरते आणि ॲक्सिलरेटर सोडला की विझते. आणि दोन, रस्त्यावर काही वेळ बरी चालून मग दम कोंडल्यासारखी होते व बंद पडते. थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते. पुन्हा बंद पडते.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला दाखवली. त्याने एके काळी माझ्या तर्कशास्त्राच्या वर्गात मागच्या बाकावर वर्षभर झोप काढली आहे, त्यामुळे तो मला अजून सर म्हणतो. मी त्याला लक्षणे क्रमाने सांगू लागलो तर म्हणाला, "सर, गाडी आहे ती, आरोपी नाही. उलटतपासणी कशाला घेताय तिची?" मी म्हटले, कारण कळल्याशिवाय उपाय करू नये. धूर दिसला तर अग्नीचे अनुमान करता येते. त्यावर तो म्हणतो, "इथे धूरही नाही आणि आगही नाही सर, तोच तर वांधा आहे!" मग त्याने एक फेरी मारली, चार मिनिटांत परतला, आणि ठणठणीत आहे असा निर्वाळा दिला.

तुला सवड असल्यास दोन ओळी लिही. नसल्यास तेही मी समजू शकतो.

तुझे वडील


२८ जानेवारी

चिरंजीव मुलीस आशीर्वाद.

तुझे उत्तर पोहोचले. गॅरेजच्या कामाच्या कार्डामागे लिहिलेल्या तीन ओळी, वर मायना नाही, खाली सही नाही. परंतु मजकुरात एकही शब्द कमी नव्हता आणि एकही जास्त नव्हता. माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत असे उत्तर मी क्वचित वाचले.

तू लिहिलेस: "दोन वर्षं उभी होती म्हणजे पेट्रोल सुकून कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरला असणार. बारीक जेट काढून साफ करा. सुई घालू नका, भोक मोठं होईल, तांब्याच्या वायरचा एक केस घ्या."

काम मी स्वतः केले. मेकॅनिक स्टुलावर बसून पाहत होता. ओसरीवर मी पांढरी चादर अंथरली, प्रत्येक भाग काढला तसा त्याचे चित्र कागदावर काढले, आणि त्याला क्रमांक दिला. तो म्हणाला, "एवढ्या वेळात मी तीन गाड्या सोडल्या असत्या." मी म्हटले, "आणि त्यांतल्या दोन परत आल्या असत्या." त्याला ते पटले असावे, कारण त्याने स्वतःच्या पैशाने चहा मागवला.

ते जेट म्हणजे पेट्रोल ज्यातून जाते ती पितळेची करंगळीच्या नखाएवढी वस्तू. उजेडाकडे धरले तर पलीकडचे काही दिसेना. तांब्याचा केस तीनदा आत-बाहेर केला, पेट्रोलने धुतले, फुंकर मारली, पुन्हा डोळ्यापाशी नेले. आणि त्या इवल्याशा भोकातून आकाशाचा एक ठिपका दिसला. एकोणसत्तराव्या वर्षी माणसाला अशा गोष्टीने इतका आनंद व्हावा याचे स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही. मी तुझ्या आईला बोलावून तो ठिपका दाखवला. तिने तो पाहिला आणि म्हणाली, "आत्ता कळलं का, ती तासन्‌तास काय करत बसायची ते?"

गाडी आता उभ्या उभ्या एकसारखी चालते. खोकला नाही, थरथर नाही. मात्र दुसरी तक्रार जशीच्या तशी आहे. रस्त्यावर ती बंद पडतेच. माझे गृहीतक असे होते की दोन्ही लक्षणांचे कारण एकच असणार. एका कारणाने भागत असेल तर दुसरे कल्पू नये, याला आमच्या शास्त्रात लाघव म्हणतात. लाघव या गाडीला मान्य दिसत नाही.

या वेळी मी मनगटावरचे घड्याळ पाहिले. शेवटच्या चार खेपांना ती निघाल्यापासून अनुक्रमे बारा, अकरा, बारा आणि बारा मिनिटांनी बंद पडली. शिंप्याकडे जाऊन विचारले तेव्हा कळले की त्याचे दुकान घरापासून सहा मिनिटांवर होते, आणि दुकानाखेरीज तो गाडी कोठेही नेत नसे. माणूस खरे बोलत होता. त्याच्या खरेपणाची लांबी तेवढी सहा मिनिटांची होती.

पुढे काय करावे ते कळव.

तुझे वडील


९ फेब्रुवारी

चिरंजीव मुलीस आशीर्वाद.

तुझ्या दुसऱ्या कार्डात दोन प्रश्न आहेत. क्रमाने उत्तरे देतो.

तुझा पहिला प्रश्न: "बंद पडल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत तुम्ही जे जे करता ते सगळं लिहा. काहीही सोडू नका."

मी पुढील गोष्टी करतो. गाडी रस्त्याच्या कडेला घेतो. स्टँड लावतो. चावी बंद करतो. हेल्मेट काढून आरशावर अडकवतो. रुमालाने चष्मा पुसतो. प्लगची वायर घट्ट आहे का ते बोटाने तपासतो. ती दर वेळी घट्टच असते. मग दोन-तीन मिनिटे थांबून किक मारतो, आणि ती सुरू होते. यावरून माझा तर्क असा की इंजिन तापल्यामुळे कोठेतरी दोष उत्पन्न होतो आणि निवल्यावर तो जातो. मेकॅनिकचेही मत तेच आहे, पण त्याचे मत माझे ऐकून झालेले आहे, म्हणून त्याला वेगळे प्रमाण धरू नये.

रविवारी तुझ्या आईला मागे बसवून नदीच्या रस्त्याने गेलो. बाराव्या मिनिटाला बंद पडलो. ती उतरली, पुलाच्या कठड्याला टेकली आणि म्हणाली, "छान जागा निवडलीत." आम्ही पाणी पाहत थोडा वेळ उभे राहिलो. आम्हा दोघांना इतकी वर्षे एकाच घरात राहूनही असे काहीही न करता उभे राहण्याची सवय नाही. मला ते आवडले. गाडी सुरू झाल्यावर ती म्हणाली की दर वेळी सुरू होण्याआधी गाडीतून "फुस्स" असा आवाज येतो. तिचे कान तीक्ष्ण आहेत, हे मी मान्य करतो. पण आवाज तिला येतो आणि मला येत नाही, तेव्हा ही साक्ष मी तूर्त बाजूला ठेवली आहे.

तुझा दुसरा प्रश्न: "टाकीला डाव्या बाजूला, गुडघ्यापाशी पोचा आहे का?" आहे. जुन्या गाड्यांना पोचे असतातच.

तुझे वडील

ता. क. यांनी पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. यांनी एक गोष्ट सोडली आहे. गाडी बंद पडली की हे दर वेळी टाकीचं झाकण उघडून आत डोकावतात. मी म्हटलं, हे का नाही लिहिलंत? तर म्हणाले, "ते काही करणं नव्हे, मी फक्त पाहतो." फुस्स तेव्हाच होतं. आणि पोच्याबद्दल तुला जे वाटतंय ते खरं आहे. मी बोलले नाही, त्यांनाच बोलू दे म्हणून. — आई


१९ फेब्रुवारी

मुली,

तुझ्या आईने पत्रात घातलेली भर मला तुझ्या उत्तरावरून कळली. तू लिहिलेस: "आई बरोबर आहे. या वेळी बंद पडली की झाकणाला हात लावू नका. अर्धा तास थांबा, किक मारा. मग झाकण उघडा, परत मारा. आणि ही माझी गाडी आहे का ते सरळ सांगा."

आधी सरळ सांगतो. होय, ही तुझी गाडी आहे. तू भंगारातून आणलीस तीच; गुडघ्यापाशी पोचा असलेली. तू घर सोडलेस त्यानंतर दोन महिन्यांनी, ओसरीतली जागा मोकळी व्हावी या कारणासाठी, मी ती शिंप्याला विकली. ते कारण खरे नव्हते. ती रोज दिसत असे, हे खरे कारण होते. मागच्या पावसाळ्यात मी त्याचा पत्ता शोधून काढला. ती नीट चालती करून, काहीही न बोलता तुझ्या दारात उभी करावी, असा माझा विचार होता. बोलावे लागू नये म्हणून माणूस किती लांबचा वळसा घेतो, याचे हे उदाहरण माझ्या वर्गात चांगले चालले असते.

आता प्रयोग. काल सकाळी नदीच्या रस्त्यावर बाराव्या मिनिटाला गाडी बंद पडली. मी झाकणाला हात लावला नाही. पस्तीस मिनिटे कठड्याला टेकून उभा राहिलो. इंजिनाला हात लावून पाहिला. ते पाण्याच्या माठासारखे गार झाले होते. किक मारली. नाही. पुन्हा मारली. नाही. आठ वेळा मारली. मग झाकण उघडले. फुस्स. या वेळी मलाही ऐकू आले, कारण या वेळी मी ऐकत होतो. पहिल्या किकला गाडी सुरू झाली. हे असता ते असते, हे नसता ते नसते. कारण सिद्ध करण्याची ही रीत मी पस्तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो. टाकीत बाहेरची हवा शिरत नव्हती. पेट्रोल जसे खाली जाई तशी आत पोकळी होई, बाराव्या मिनिटाला ती पेट्रोलला खाली उतरू देत नसे, आणि मी "फक्त पाहण्यासाठी" झाकण उघडले की टाकीला श्वास मिळे. शिंप्याची गाडी सहा मिनिटांनी थांबून पुढे तासन्‌तास उभी राही, तेवढ्या वेळात हवा सावकाश झिरपून आत जात असावी. दर वेळी दुरुस्ती मीच करत होतो, आणि ती माझ्या यादीतही नव्हती.

येथे पत्र संपवता आले असते, तर बरे झाले असते. मी झाकण उलटे करून पाहिले. हवा आत जाण्याचे बारीक भोक आतल्या बाजूला असते. त्या भोकावर लाल लाखेचा एक ठिपका आहे, डाळिंबाच्या दाण्याएवढा, नीट गोल.

ती लाख माझी आहे.

मला ते आठवले, आणि पूर्ण आठवले. एप्रिल होता. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांची पाकिटे मी घरी लाखेने मोहोरबंद करत होतो. गाडी माझ्या खिडकीखाली ओसरीत उभी असे आणि पेट्रोलचा वास खोलीत येई. मी बाहेर जाऊन वास कोठून येतो ते शोधले, झाकणाला भोक सापडले, आणि जागच्या जागी सिद्धांत मांडला: झाकणाचे काम झाकणे, म्हणून झाकणाला भोक असणे हा दोष. मेणबत्तीवर लाख धरली आणि एक थेंब सोडला. दहा सेकंदांचे काम. वास कमी झाला. मी ते विसरलो. तुला सांगावे असे ते मला काही "करणे" वाटलेच नाही.

मार्चमध्ये तू ती गाडी टेकडीपर्यंत नेऊन परत आणली होतीस. मला सांगितलेही होतेस, हात काळे, चेहरा उजळलेला. मे महिनाभर ती बाराव्या मिनिटाला बंद पडत राहिली. तू प्लग बदललास, कॉइल बदललीस, सारे इंजिन चादरीवर मांडलेस. झाकणावर कोणाचाच संशय गेला नाही. घरच्या माणसाने गाडीत काही केले असेल असे कोणाला वाटेल? आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, तू कॉलेज सोडून हेच काम शिकणार म्हणालीस तेव्हा, मी तुला पायरीवर उभी करून विचारले:

"दोष सापडला?"

"नाही."

"कारण सांगता येतं?"

"नाही. पण आधी नीट चालत होती बाबा, मी खरंच सांगते."

"ते तुझं म्हणणं झालं. पुरावा काय?"

मग मी म्हणालो की जिला एका उन्हाळ्यात एक गाडी सुधारता आली नाही, तिने त्यावर पोट भरण्याची भाषा करू नये. तू रात्रीचे जेवलीही नाहीस, आणि सकाळी गेलीस.

मी तुझ्याविरुद्ध जो पुरावा वापरला तो माझ्याच हाताने बिघडवलेला होता. मी हे अजाणता केले, असे म्हणून सवलत मागता येईल. पण अजाणता केलेल्या गोष्टीच्या जोरावर मी जाणूनबुजून निकाल दिला. तो निकाल चुकीचा होता. मला क्षमा कर, हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच लिहीत आहे, म्हणून त्याची रचना तपासून पाहिली. ती बरोबर आहे.

लाख पेट्रोलने विरघळत नाही; स्पिरिटने विरघळते. स्पिरिट घरात आहे. तरी मी ती काढलेली नाही. त्या झाकणाला तुझ्या परवानगीशिवाय मी एकदा हात लावला. दुसऱ्यांदा लावणार नाही.

कोंडलेली टाकी आणि आपले घर यांत एक सादृश्य दिसते, हे माझ्या लक्षात आले आहे. सादृश्यावरून काढलेले अनुमान दुबळे असते, म्हणून ते मी येथे मांडत नाही.

तुझे वडील


२ मार्च

खुडबुडे,

तुला या नावाने हाक मारून फार दिवस झाले. चार वर्षांची असताना तू माझे गजराचे घड्याळ उघडून बसली होतीस, तेव्हा हे नाव मीच ठेवले होते. कौतुकाने ठेवले होते, हे मध्यंतरी मी विसरलो होतो.

तुझे कार्ड तीन दिवसांपूर्वी आले. या वेळी मजकुराच्या वर एक शब्द अधिक होता. तो मी तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, "परत वाचा." मी परत वाचला.

तू लिहिलेस: "बाबा, मी चार रात्री त्या झाकणाचा विचार करत होते. राग आला, मग हसूच आलं. नऊ वर्षं मला वाटत होतं की त्या गाडीत मला काहीतरी दिसलं नाही. अजूनही कुठली गाडी हातात आली की मी आधी टाकीचं झाकण उघडते, का ते मलाच माहीत नव्हतं. लाख काढू नका. ती मी काढणार. गाडी इकडे घेऊन या. टेम्पोत घालून नाही, चालवत. दर दहा मिनिटांनी थांबा, झाकण उघडा, फुस्स झालं की लावा, निघा. आईला मागे बसवा, तिला ऐकू येतं."

मी हिशेब केला. तुझ्या गावापर्यंत सरळ दीड तासाचा रस्ता आहे, आणि एवढ्या थांब्यांनी तो सव्वादोन तासांचा होईल. मेकॅनिकला सांगितले तेव्हा तो कपाळावर हात मारून म्हणाला, "सर, एक थेंब स्पिरिट लावा आणि सुखाने जा ना! एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?" मी म्हटले, "तू वर्गात जागा असतास तर हे तुला कळले असते." तो म्हणाला, "वर्गात हे शिकवलं असतंत तर मी जागा राहिलो असतो." या मुद्द्यावरही माझ्याजवळ उत्तर नाही. अलीकडे असे मुद्दे वाढत आहेत, आणि त्याचा मला पूर्वीइतका त्रास होत नाही.

शिंप्याने खोळ घडी करून दिली आहे. गाडी मालकिणीकडे जाते आहे म्हणताच खोळीच्या एका कोपऱ्यावर त्याने लाल दोऱ्याने एक छोटा पाना काढून दिला. तुझी आई तीन दिवसांपासून कोणत्या थांब्यावर काय खायचे ते ठरवते आहे. घड्याळ तिच्या हातात राहील. तिने परवा तालीम म्हणून मला पुलापर्यंत नेले, दहाव्या मिनिटाला पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "थांबा, श्वास घेऊ द्या तिला." आम्ही झाकण उघडले, पाणी पाहिले, झाकण लावले, घरी आलो. गाडी एकदाही बंद पडली नाही.

रविवारी सकाळी सातला निघतो. सव्वानवाच्या सुमारास तुझ्या गॅरेजशी पोहोचू. तुझ्या दारालाही पायरी आहे, असे तुझी आई सांगते. मी त्या पायरीवर उभा राहीन. प्रश्न तू विचार. मी उत्तरे देईन.

तुझे बाबा